सपाट गल्लीतला जिना

१

माझं काम बसून ऐकण्याचं. दुसरे चालतात आणि मी ऐकते. हे सांगितलं की नातेवाईक म्हणतात, "बरं आहे बाई तुझं," आणि लगेच विषय बदलतात.

आमची कंपनी एक पट्टा बनवते. दोन्ही घोट्यांना एकेक पट्टा, मानेमागे कॉलरला लावायची बटणाएवढी चकती आणि कानात नेहमीचे इअरफोन. चालायला लागलं की संगीत सुरू. ते कुठून आणून लावलेलं नसतं, तुमच्या चालण्यातूनच तयार होतं. डांबरावर एक वाद्य वाजतं, फरशीवर दुसरं, मातीवर तिसरं. भिंती जवळ आल्या की स्वर बारीक होतो, मोकळी जागा आली की तो खर्जात जाऊन पसरतो. जिना चढलात की सूर एकेक पायरीने चढतात, उतरलात की उतरतात. आणि पाठीशी कुणी अगदी जवळ आलं, की एक बारीक, लांबट स्वर लागतो. चालणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून केलेली ही सोय. ऑफिसात आम्ही तिला शेपटी म्हणतो.

हे सगळे सूर बसवले उस्तादांनी. त्यांचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाच ठाऊक. त्यांच्या हाताखाली तीन चालणारे आहेत. ते दिवसभर ठरलेल्या वाटांवर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चालण्याचं रेकॉर्डिंग माझ्या कानात येतं. पट्टा कुठे चुकला ते मी शोधायचं. कान आता इतका तयार झालाय की डोळे मिटून सांगते, हा पूल आला, हा बाजार. चालणाऱ्यांतल्या सगळ्यात उंच माणसाला आम्ही लंबू म्हणतो. त्याला मी एकदा विचारलं, "काल दुपारी सिनेमाला गेला होतास ना? पायाखाली गालिचा वाजत होता." त्याने सरळ हात जोडले.

आमच्या कामाच्या दोन रीती आहेत. एक, प्रत्येक वाट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच चालायची. उलट कधीच नाही, नाहीतर कालचं चालणं आजच्याशी ताडून बघता येत नाही. दुसरी, सकाळी आल्या आल्या दारातल्या पितळी पत्र्यावर उभं राहून दोनदा पाय आपटायचे. पट्टा उंची ओळखतो हवेच्या दाबावरून, आणि तो अंदाज दिवसभरात थोडाफार भरकटतो. पाय आपटले की पट्ट्याला कळतं, ही जमीन, हे शून्य. मी बसून काम करणारी, तरी मलाही पट्टा बांधून पाय आपटावे लागतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटत असेल, या ऑफिसात झुरळं फार झालीत.

२

नवी वाट सुरू झाली त्या आठवड्यात मला जिना ऐकू आला.

लंबूचं चालणं ऐकत होते. मोठा रस्ता, दूधवाल्याचं दुकान, मग किल्लीवाल्याची गल्ली. ही गल्ली आमच्या घराच्या मागेच सुरू होते, पण माझं ऑफिस विरुद्ध दिशेला, म्हणून मी तिथून कधी जात नसे. गल्लीत शिरताच भिंती जवळ आल्या, स्वर बारीक झाला. आणि मग सूर खाली उतरायला लागले. घसरत नव्हते, घरंगळत नव्हते, व्यवस्थित एकेक पायरी उतरत होते. तळाला पोचल्यावर क्षणभर शेपटी वाजली आणि पुढे वाचनालयापर्यंत सगळं सपाट.

दुसऱ्या चालणाऱ्याचं ऐकलं. तिथेच उतरला. तिसऱ्याचंही तेच. संध्याकाळपर्यंत तिघांपैकी एकही कुठे चढलेला नव्हता.

"लंबू, त्या गल्लीत जिना आहे का रे?"

"कसला जिना? सायकली जातात तिथून."

"रेकॉर्डिंगमध्ये आहे."

"मग त्याला चष्मा लाव."

"आणि जिन्याखाली तुझ्या मागे कोण होतं?"

"कोणी नव्हतं." तो म्हणाला. "एवढ्याशा गल्लीत मागे कोणी असतं तर कळलं नसतं का?"

लंबू एवढा उंच, की माझ्याशी बोलायचं तर त्याला मान खाली घालावी लागते. त्या दिवशी मात्र तो माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत बोलत होता. मला वाटलं, सिनेमा पकडला म्हणून अजून लाजतोय.

उस्तादांनी माझं म्हणणं अर्धंच ऐकलं. "गल्लीत लाँड्री आहे. गरम हवा बाहेर येते, दाब बदलतो. सकाळी शून्य करतोच ना आपण? मग बिघडलं कुठे?"

पटण्यासारखं होतं. पण मला लहानपणापासून एक खोड आहे, बंद डब्यात काय आहे ते हलवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. संध्याकाळी घरी जाताना मी पट्टे पिशवीत टाकून त्या गल्लीत गेले. एका बाजूला बंद कारखान्याची पाठभिंत, दुसऱ्या बाजूला घरांच्या मागच्या खिडक्या, पाइप, वाळत घातलेले मोजे. मधोमध किल्लीवाल्याची टपरी, पुढे लाँड्रीचा वाफाळलेला दरवाजा. जमीन सपाट. डोळ्यांवर विश्वास नको म्हणून बाटलीतलं पाणी ओतलं. ते ना पुढे गेलं ना मागे, जागच्या जागी डबकं करून राहिलं.

किल्लीवाला हे सगळं बघत होता. "काही हरवलं का?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या वरच्या खिडकीकडे बघून.

३

आता आत्याबद्दल सांगायला हवं, कारण ती नसती तर मी हा प्रकार दोन दिवसांत विसरले असते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मला तिनेच वाढवलं. शाळेत कवायत शिकवायची. आयुष्यभर मैदानावर उभी राहून "मान वर! डावा, उजवा!" ओरडली आणि तो आवाज निवृत्तीनंतर घरी घेऊन आली. ती फोनवर बोलायला लागली की शेजारचे टीव्ही बंद करतात, तिचंच ऐकतात.

गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील. आणि काही झालं तरी कमरेतून वाकायचं नाही. आत्याने दुसरं तेवढं ऐकलं. पहिल्याचा तिने धसकाच घेतला. तिच्यासाठी आम्ही तळमजल्यावर घर घेतलं, काठी आणली, मी रागावले, रडले, उपयोग शून्य. सगळ्या शाळेला चालवणारी बाई खुर्चीतून दारापर्यंत यायला तयार नव्हती. पोटऱ्या बारीक होत चालल्या होत्या.

म्हणून नवी वाट सुरू होण्याच्या काही आठवडे आधी मी ऑफिसातले जादाचे पट्टे घरी आणले. आमच्या इमारतीच्या दारात ते एकदाच शून्य केले आणि तिच्या पायांना बांधले.

"हे काय? या वयात नाचवतेस का मला?"

"दोन पावलं टाक फक्त."

काठी टेकत तिने दोन पावलं टाकली. थांबली. आणखी दोन टाकली. मग भिंतीपर्यंत गेली आणि परत आली.

"अगं गधडे, हे मी वाजवतेय?"

"तूच."

ती मागे वळून पुन्हा चालायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

त्या दिवसापासून आत्या बाहेर पडायला लागली. जाताना मागच्या गल्लीतून वाचनालयात, कारण गल्लीत सावली. येताना मोठ्या रस्त्याने, कारण तिथे बसायला बाकं. पंधरा दिवसांत काठी नुसती शोभेला उरली. डॉक्टरांनी तिच्या पोटऱ्या चाचपल्या आणि मला म्हणाले, "काय केलंत हो?"

४

चहाचा कप मी आत्याच्या हातात देते. वर्षानुवर्षं देते. गल्लीतून परतले त्या संध्याकाळी दिला, तर तिचा हात कपाच्या वीतभर वर गेला. चहा सांडला.

"नीट धर की," ती म्हणाली.

"मी नीटच धरलाय. तू कुठे बघतेयस?"

ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे बघत असावी. पण तिची नजर माझ्या कपाळाच्याही वर होती, जिथे माझा चेहरा असावा असं तिला वाटत होतं तिथे. गच्चीवर कुणी उभं असेल आणि खालून त्याच्याशी बोलावं, तशी ती मान करून बसली होती.

डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंबरसुद्धा बदललेला नाही. जाताना आत्या त्यांच्याही डोक्यावरून त्यांना 'येते' म्हणाली.

मग मी तिचं घरातलं चालणं ऐकलं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आमचं घर ते केवढं, भिंती हाताला लागतील एवढ्या जवळ. पट्ट्याने बारीक वाजायला हवं. पण आत्याची पावलं खर्जात वाजत होती, लांब लांब पसरत होती, भिंती सापडत नसल्यासारखी. चहा करायला उठलेली एक म्हातारी बाई, आणि कानात भलंमोठं, रिकामं, गार काहीतरी. ऐकायला ते इतकं सुंदर होतं की मी तीनदा ऐकलं. ही गोष्ट मला नंतर फार खुपली.

"आत्या, थंडी वाजते का गं तुला?"

"काय? मोठ्याने बोल. वरून नीट ऐकू येत नाही."

"वरून म्हणजे?"

"तिकडून," ती म्हणाली आणि मोजे मागितले.

५

मोबाइलवर तिच्या पट्ट्याची उंची बघितली. घर तळमजल्यावर, आत्या खुर्चीत. उंची: उणे नऊ मीटर.

बिघडला, मी म्हटलं. मग म्हटलं, रोज शून्य केला नाही ना, म्हणून साचत गेलं. या विचाराशी माझं बोट थांबलं. साचत गेलं म्हणजे काय? रोज ती गल्लीत थोडी उतरते आणि चढत कुठेच नाही. लंबूही रोज उतरतो. फक्त लंबू सकाळी पितळी पत्र्यावर पाय आपटतो आणि पट्टा म्हणतो, ही जमीन. आत्याच्या पट्ट्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिन्ही चालणाऱ्यांना मी काही ना काही कारण काढून बोलतं केलं. तिघेही माझ्या डोक्यावर बघून बोलले.

आता कुणी म्हणेल, तिथल्या तिथे आत्याचे पट्टे काढून घ्यायचे. घेतले ना! दोन दिवस ती खुर्चीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उठताना पाय थरथरले आणि ती म्हणाली, "नको गं, पडेन मी." पुन्हा तीच बारीक पोटऱ्यांची आत्या समोर दिसायला लागली. "मोठ्या रस्त्याने जा," म्हटलं तर म्हणाली, जाता-येता दोन्ही वेळा उन्हात चालवत नाही, गल्लीत कसं गार असतं. मी हात टेकले आणि पट्टे परत बांधले. पण ठरवलं, आधी आपण जाऊन बघायचं काय आहे ते. गरम हवा निघाली तर प्रश्न मिटला.

खरं सांगायचं, तर काळजी निम्मी आणि उत्सुकता निम्मी. डबा हातात आला होता, तो हलवायचाच होता.

६

जेवणाच्या सुट्टीत मी पट्टे बांधून गल्लीत गेले. घराच्या बाजूने शिरले, वाचनालयाच्या बाजूने निघाले, कारण दोन वर्षं घड्याळाच्या दिशेचंच चालणं ऐकायची सवय, पाय आपोआप त्याच दिशेने वळतात.

टपरीपाशी सूर उतरायला लागले. डोळ्यांना सपाट जमीन दिसत होती, पण कान उतरत होते. गंमत म्हणजे गुडघ्यांनाही ते पटत होतं. तळाशी आल्यावर स्वर उघडला. एवढ्या अरुंद गल्लीत एवढी मोठी जागा. दूरवर कुठेतरी भिंत असावी, तिथून माझंच पाऊल उशिरा परत येत होतं. शेपटी वाजली. मी वळून बघितलं. वाळत घातलेले मोजे, बस्स.

लाँड्री बंद होती त्या दिवशीही गेले. जिना तिथेच. पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी तिथेच. रोज जायला लागले. कधी जेवणाच्या सुट्टीत तीन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला जागा आणखी मोठी व्हायची आणि मला वाटायचं, अजून एकदा, म्हणजे पलीकडची भिंत कुठे आहे ते कळेल. भीती वाटायची, पण कुतूहल तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे. सकाळी ऑफिसात जाऊन पत्र्यावर पाय आपटायचे, उंची शून्य, पट्टा ठणठणीत.

आणि एक दिवस आत्याने कप बरोबर धरला.

हात सरळ कपावर आला. नजर सरळ माझ्या डोळ्यांत. "बघतेस काय अशी?" ती म्हणाली. "चेहऱ्यावर काही लागलंय का माझ्या?"

मी तिला मिठीच मारली. ऑफिसातही सगळे सुधारले होते. लंबू माझ्याशी बोलताना पूर्वीसारखी मान खाली घालत होता. मनात म्हटलं, गरम हवाच होती. उस्ताद बरोबर, मी उगाच राईचा पर्वत केला. एवढा आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीतल्या फेऱ्या बंद करायचंही सुचलं नाही. उलट आता बिनघोर जाता येत होतं.

आठवडाभराने मी कप पुढे केला, तर आत्याचा हात बशीच्या खालून गेला.

"तू अशी बसल्यासारखी का दिसतेस?" आत्या म्हणाली. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. "उभी राहा ना सरळ."

मी उभीच होते.

७

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगते. आत्या वर आली नव्हती. मी खाली गेले होते. काही दिवस आम्ही एका पायरीवर होतो आणि मग मी तिला मागे टाकलं. ती बिचारी दिवसातून एकदा काठी टेकत जायची, मी तीन-तीनदा.

आत्याचं बरं होतं. तिचा पट्टा खरं सांगत होता: उणे अकरा. माझा पट्टा सांगत होता शून्य, कारण मी रोज सकाळी त्याला शपथेवर तसं सांगत होते.

सकाळ होईपर्यंत एक गोष्ट मात्र सुचली. जिना उतरतो तर तो चढतही असणार. गल्लीतून उलटं कुणी चाललंच नव्हतं. आमच्या माणसांना मनाई, आत्याला बाकं हवीत. वाचनालयाच्या बाजूने शिरायचं आणि घराच्या बाजूने निघायचं, एवढंच करायचं होतं.

ऑफिसला ताप आल्याचं कळवलं आणि पुढचे सगळे दिवस पत्र्याकडे फिरकले नाही. आत्याला घेऊन मोठ्या रस्त्याने वाचनालयापाशी गेले.

"हे काय, उलटं?" आत्या म्हणाली.

"आज उलटं."

गल्लीत पहिलं पाऊल टाकलं आणि सूर चढला. मला रस्त्यात नाचावंसं वाटलं. दहा पावलांवर आत्या थांबली आणि भिंतीला हात लावून धापा टाकायला लागली.

"सपाट रस्ता आहे ना गं हा? मग मला दम का लागतोय?"

"सवय नाही, म्हणून. हळू चल."

माझ्याही मांड्या भरून आल्या होत्या. किल्लीवाल्याने काम थांबवून आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी थांबत, दम खात सपाट गल्लीतून जिना चढल्यासारख्या चाललो होतो, बघणारच.

मग रोज तेवढंच केलं. आत्याला झेपेल तेवढी एक फेरी, कधी दोन. उणे दहा, उणे आठ, उणे पाच. आत्याचा आवाज मोठा व्हायला लागला. मोजे तिने काढून फेकले. खोलीत तिची पावलं बारीक वाजायला लागली, आमच्या चिमुकल्या घराच्या भिंती तिला पुन्हा सापडल्या. मी इतकी खूश होते की दुसरं काही मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्या वर आली की झालं, असंच वाटत होतं. हो, शेपटी वाजायची अधूनमधून. आत्याच्या कानात नाही, माझ्याच. मागे कधी कुणी नसायचं.

८

शेवटच्या दिवशी आत्या पुढे होती. दम लागत नव्हता, काठी काखेत होती. मी दोन पावलं मागून मोबाइल बघत येत होते. उणे एक. अर्धा. घराच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी आत्या थांबली आणि आकडा शून्यावर आला.

"आलो की!" मी ओरडले.

आत्या वळली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिने समोर बघितलं, आणि मी दिसले नाही म्हणून दचकली. मग तिची नजर खाली आली. माझ्या कपाळावरून, हनुवटीवरून, पोटावरून. गुडघ्यांच्याही खाली गेली. तिथे थांबली.

"अगं, तू तिथे काय करतेस?"

मी माझ्या पट्ट्याची उंची बघितली. अधिक अकरा मीटर. त्याच्या हिशोबाने मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी हवेत तरंगत होते, कारण जमीन कुठे आहे ते मी त्याला तिथे, खाली, सांगितलेलं होतं. किती खाली, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"मी इथेच आहे, आत्या. तुझ्या समोर."

"मोठ्याने बोल!"

आणि मग आत्या वाकली. डॉक्टरांनी बजावलेलं, वर्षभर कटाक्षाने पाळलेलं सगळं विसरून ती त्या सपाट फुटपाथवर कमरेतून वाकली, एक हात भिंतीला लावला आणि दुसरा खाली, आपल्या पायांशी, लांबवला. विहिरीच्या काठावरून देतात तसा. तो हात माझ्या गुडघ्यासमोर होता. मी तो धरायला गेले. माझ्या डोळ्यांना दिसत होतं की माझी बोटं तिच्या बोटांवर आहेत. हाताला काहीच लागलं नाही.

"पोच ना गं," आत्या म्हणाली. "अजून थोडी वर ये."

मी उभी होते. पाय हलत नव्हते, म्हणून कानात पूर्ण शांत होतं. त्या शांततेत शेपटी लागली. या वेळी क्षणभर नाही. लागली आणि तशीच राहिली, मग दुसरी लागली तिच्यावर, मग तिसरी.

आत्याची नजर माझ्यावरून आणखी खाली सरकली, माझ्या पाठीमागे. ती तिथे काय बघत होती मला माहीत नाही. तिचा चेहरा मी आयुष्यभर बघत आले आहे. ऑपरेशनला आत नेताना बघितला, वडील गेले तेव्हा बघितला. असा कधी बघितला नव्हता. तिचे ओठ हलले, कुणाला तरी मोजावं तसे. एकाकडे बघून ती थबकली.

"हा एवढा उंच कोण?" ती पुटपुटली.

मला मागे वळून बघायचं होतं. एवढं झाल्यावरही, देवाशपथ, बघायचं होतं.

"मान वर!" आत्या ओरडली. तो मैदानावरचा आवाज होता. किल्लीवाल्याने हातातली कानस टाकली. "मागे बघायचं नाही! माझ्याकडे बघ! मान वर!"

मी मान वर केली. हातभर अंतरावर वाकून उभ्या असलेल्या बाईचे डोळे शोधायला मला मान इतकी वर करावी लागली की पाठीला कळ लागली, आणि माझे पाय गारठले. ते डोळे दिसले, अगदी लहान, अगदी उंचावर, पण दिसले.

"आता मोठ्या रस्त्याने गोल फिरून पुन्हा चढून ये," ती म्हणाली. "मी हलत नाही इथून. हात पोचेपर्यंत हलत नाही. ऐकू येतंय?"

"येतंय," मी ओरडले.

"डावा!"

मी डावा पाय उचलला. मागे कितीतरी पावलं एकदम वाजली.